गावाच्या नावाची गोष्ट

कन्हानचा पूल ओलांडला की कामठी. हे नाव कसे पडले, असे तिथे विचारले की उत्तर तयार असते : इंग्रजांची छावणी ‘टी’ या अक्षराच्या आकाराची होती, म्हणून ‘कॅम्प-टी’ आणि पुढे कामठी. छावणी १८२१ साली वसली, ही नोंद आहे. अक्षराची गोष्ट मात्र सांगोवांगी चालत आली आहे.

रामटेकच्या तर दोन गोष्टी. रामाने इथे राक्षसांच्या नाशाची ‘टेक’, म्हणजे प्रतिज्ञा, केली, ही एक. वनवासात तो इथे घडीभर टेकला, ही दुसरी. पाचव्या शतकात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने दिलेल्या ताम्रपटात उल्लेख येतो तो रामगिरीचा. म्हणजे ‘टेक’ ही साधी टेकडीच असावी. याच डोंगराला सिंदूरगिरी असेही म्हणतात. इथला दगड फोडला की आतून शेंदरासारखा लाल निघतो. नरसिंहाने हिरण्यकशिपूला इथेच फाडले, त्या रक्ताचा हा रंग, असे लोक सांगतात.

ताम्रपट हाती आला म्हणून या कथा मोडीत काढण्याचे कारण नाही. नाव त्या काळी काय होते, हे ताम्रपट सांगतो. पुढच्या पिढ्यांनी ते कसे लावून घेतले, हे कथा सांगते. नावाचा मूळ अर्थ पुसट झाला की तिथे गोष्ट रुजते. मात्र तिला इतिहासाचा दाखला म्हणून पुढे करणेही तितकेच चूक.

आयर्लंडने हे भान ठेवले. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या प्राथमिक शाळांतील सुमारे पन्नास हजार मुलांनी घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून गावे, शेते, विहिरी यांच्या कथा वह्यांत उतरवून घेतल्या. तो संग्रह आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

कन्हान-पारशिवनीच्या शाळांना हे अवघड नाही. मोठ्या गावांची नावे गॅझेटियरमध्ये सापडतील. शिवार, नाला, पांदण यांची नावे म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत. कोळशाच्या खाणीसाठी जमीन गेली की तीच आधी बुडतात. सांगणारा कोण, गाव कोणते आणि गोष्ट कशी, एवढे लिहावे. दोन गोष्टी मिळाल्या तर दोन्ही ठेवाव्यात. खरेखोटे करायला अभ्यासक आहेत. पण त्यांच्यापुढे आधी नोंद तर हवी.