ससा शेवटी

ओईसीडीची ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका आपल्या क्षेत्रातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. पांढरा अल्बिनो ससा, आदल्या दिवशी कातरलेले पाठीवरचे केस, सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर अर्धा मिलिलिटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम भुकटी, वर गॉझ, चार तास. पट्टी काढल्यावर एका तासाने आणि मग २४, ४८, ७२ तासांनी लालसरपणा आणि सूज ० ते ४ अशी नोंदवायची. एवढे कोणीही झोपेत सांगेल. पण हीच मार्गदर्शिका २००२ च्या सुधारणेपासून आणखी एक गोष्ट सांगते आहे: टप्प्याटप्प्याने जा. आधी उपलब्ध माहिती पाहा, रेणूची रचना पाहा, पीएच मोजा, प्राण्याविना होणाऱ्या चाचण्या करा. या क्रमात ससा शेवटी येतो. प्रत्यक्षात तो पहिला येतो, कारण स्पॉन्सरच्या मेलमध्ये ‘सिक्स-पॅक करा’ एवढेच लिहिलेले असते आणि आपण सहाही स्टडी प्लॅन एकदम छापतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः असा एक प्लॅन छापला होता. जमीन धुण्याचे औद्योगिक द्रावण होते. पट्टी काढली तेव्हा खालची कातडी करडी पडून मेलेली होती. त्यानंतर नमुन्यासोबत आलेला कागद उघडला. पीएच १२ पेक्षा जास्त, पहिल्याच पानावर लिहिलेला. पीएच २ किंवा त्याखाली, अथवा ११.५ किंवा त्यावर असेल तर पदार्थ त्वचा जाळणारा समजावा आणि प्राण्यावर जाऊ नये, हे मला माहीत होते. कागद न वाचणे ही चूक माझीच होती. त्या सशाने आम्हाला नवे काहीही सांगितले नाही.

सशाच्या पाठीवरचा आकडा पक्का असतो, अशी आपली समजूत आहे. अमेरिकेच्या एफडीएमधील जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये ही पद्धत मांडली. तेव्हा पट्टी २४ तास ठेवत आणि काही जागी त्वचा खरवडूनही पाहत. १९७१ मध्ये वेल आणि स्काला यांनी वीसहून अधिक प्रयोगशाळांना तेच पदार्थ देऊन डोळ्याच्या आणि त्वचेच्या चाचण्या करवल्या. गुण इतके वेगवेगळे आले की एका ठिकाणी तीव्र ठरलेला पदार्थ दुसरीकडे सौम्य ठरला. ज्यांनी वर्षानुवर्षे हे गुण दिले आहेत, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. १ आणि २ यांच्यामधली रेषा प्रकाशावर आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरते. पदार्थ रंगीत असेल, तर डागाखालचा लालसरपणा दिसतच नाही.

शिवाय सशाची कातडी माणसाची नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सशावर क्षोभक ठरलेले १६ पदार्थ चार तासांच्या पॅच टेस्टने माणसांवर तपासले गेले. त्यांतले फक्त ५ माणसाच्या त्वचेला लक्षणीय क्षोभ देणारे निघाले. चूक सावधपणाच्या बाजूने आहे, असे म्हणून काही जण समाधान मानतात. मला ते पटत नाही. आपला अहवाल सेफ्टी डेटा शीटच्या ११ व्या विभागात जातो आणि तिथून पिंपावरच्या लेबलावर. तारापूर किंवा महाडच्या कारखान्यात पिंप उघडणाऱ्या कामगाराला प्रत्येक पिंपावर तेच उद्गारचिन्ह दिसू लागले, तर खरोखर जपून हाताळायचे पिंप त्याने ओळखायचे कसे?

पर्याय २०१० पासून हाताशी आहे. ४३९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत मानवी पेशींपासून वाढवलेल्या बाह्यत्वचेवर पदार्थ ठेवतात आणि एमटीटीने जिवंत पेशी मोजतात. त्यांचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून खाली आले, तर पदार्थ क्षोभक. प्रत्येक वेळी सोबत ज्ञात क्षोभकाची तुलना चालते. सशाच्या चाचणीत तशी सोय नाही. अडचणी याही पद्धतीत आहेत. काही पदार्थ स्वतःच एमटीटीवर क्रिया करतात, गडद रंग मोजमापात गडबड करतो, आणि फार सौम्य क्षोभ तिला वेगळा ओळखता येत नाही. पण या अडचणी लिहून ठेवलेल्या आहेत आणि बऱ्याचशांवर उपायही दिले आहेत.

‘क्लायंटला ससाच हवा’ हे उत्तर आता जुने झाले. युरोपच्या रीच कायद्यात २०१६ च्या बदलानंतर त्वचेच्या क्षोभासाठी प्राण्याविना चाचणी हाच पहिला मार्ग आहे. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेचा पूर्ण भागीदार आहे. म्हणजे आपल्या जीएलपी प्रयोगशाळेतला ४३९ चा अहवाल तिकडे चालतो. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी आपल्याकडे २०१४ पासून बंदच आहे. काही नियामक अजून सशाचा अहवाल मागतात, हे खरे. तिथे तो करावा लागेल. पण तिथेही आधी एकच ससा घ्यायचा, त्याचा निकाल पाहायचा आणि मगच उरलेल्या दोघांचा विचार करायचा. तिघांना एकाच सकाळी पट्टी बांधणे हे वेळापत्रकाच्या सोयीसाठी असते, विज्ञानासाठी नाही.

खरी अडचण ऊतीच्या पुरवठ्याची आहे. ती जिवंत असते आणि आल्यावर काही दिवसांतच वापरावी लागते. विमानतळावर पेटी अडकली की पैसे आणि काम दोन्ही वाया. ४३९ च्या २०२१ च्या आवृत्तीत फ्रान्स, अमेरिका, जर्मनीसोबत जपान आणि कोरियाच्या ऊतींचीही नावे आहेत. भारताचे एकही नाही. त्वचेच्या पेशी वाढवण्याचे ज्ञान आपल्या देशातल्या संस्थांकडे आहे. भाजलेल्या रुग्णांसाठी ते वापरलेही जाते. ते चाचणीसाठी प्रमाणित करून घ्यायला उद्योगांनी एकत्र येऊन पैसा घालायला हवा, आणि त्याची मागणी आपल्यासारख्या रोज अहवालावर सही करणाऱ्यांकडूनच आली पाहिजे.

तोपर्यंत एवढे करता येईल. पुढचा फॉर्म बी एथिक्स कमिटीकडे निघेल, तेव्हा त्यात नमुन्याचा पीएच आणि प्राण्याविना केलेल्या चाचणीचा निकाल लिहिला आहे का, ते पाहा. नसेल, तर सही करू नका.