तिकडचा कॅमेरा, इकडची वीज

सोलापूरचा माणूस चादर घेताना सिंगल की डबल हे विचारतो, ज्वारी मालदांडीच आहे ना हे दाणा चावून पाहतो, आणि शेंगाचटणी तर चिमूटभर चाखल्याशिवाय पुड्यात बांधू देत नाही. हाच चिकित्सक माणूस परदेशातल्या पाहुण्याला व्हिडिओ कॅमेरा आणायला सांगतो तेव्हा मात्र एकच विचारतो, "तिकडं स्वस्त पडंल की ओ?" या प्रश्नावर माझा राग आहे. जुना आहे, आणि वयाबरोबर वाढत चालला आहे.

आता थोडं शास्त्र ऐकून घ्या. जुन्या टीव्हीवरचं चित्र म्हणजे एकाखाली एक ओढलेल्या आडव्या रेघा. आपल्या पॅल पद्धतीत रेघा 625 आणि सेकंदाला चित्रं 25. अमेरिकेच्या एनटीएससीत रेघा 525, पण चित्रं जवळजवळ 30. हा फरक कुणाच्या लहरीतून आलेला नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते, तिकडची 60, आणि टीव्हीनं जन्मतःच विजेच्या ठेक्यावर चालायचं ठरवलं. पुढं रंग आला, तो भरण्याच्या रीतीही वेगळ्या निघाल्या. पॅल ही जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रूख यांची करामत; फ्रेंचांनी सेकॅम नावाची चूल निराळीच मांडली. आपल्याकडे 1982 च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत टीव्ही अवतरला तो पॅलचं बोट धरून.

"पण कॅमेरा जपानी आहे!" असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेले आहेत. अहो, जपानात अर्धी वीज 50 ची, अर्धी 60 ची, आणि टीव्ही सगळा एनटीएससी. तिथली कंपनी ज्या देशात माल पाठवायचा त्या देशाचा कॅमेरा बनवते. सोनी तर पॅल कॅमेऱ्याच्या क्रमांकाच्या शेपटीला 'ई' हे अक्षर लावीत असे. एवढं एक अक्षर वाचायचं होतं. पण आपण वाचतो काय, तर किमतीची चिठ्ठी, आणि तिला रुपयांनी गुणतो.

आमचे मेहुणे 1988 च्या जानेवारीत न्यू जर्सीहून गड्ड्याच्या यात्रेला आले, ते खांद्यावर असाच एक कॅमेरा घेऊन. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मानाचे सातही नंदीध्वज, हलगी, गर्दी, सगळं त्यांनी टिपलं. रात्री वाड्यात तीस माणसं जमली. वायर टीव्हीला जोडली, आणि नंदीध्वज जे वर निघाले ते पडद्याच्या माथ्यातून बाहेर पडून पुन्हा खालून उगवायला लागले. रंगाचा पत्ता नाही. बाराबंद्या मुळात पांढऱ्याच, त्यांचं काही बिघडलं नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी एका कारागिरानं टीव्हीच्या पाठीतला कसलासा स्क्रू पिळून चित्र उभं केलं, पण रंग काही येईना. घरात घेतलेल्या भागात तर ट्यूबलाइट अशी धडधडत होती, जणू तिलाच ताप भरलाय. 60 च्या तालाचा कॅमेरा आणि 50 च्या तालाचा दिवा, दुसरं काय होणार?

आवाज मात्र खणखणीत. त्यात सासूबाई कॅमेऱ्यापुढं बसून म्हणतात, "अरं, मी दिसायलेय का त्यात? नातवंडांना दाखव बरं का." पुढं कॅमेरा बिघडला. 1993 साली सासूबाई गेल्या. त्यांचं चालतंबोलतं चित्र जगात तेवढंच, आणि ते कपाटातल्या आठ मिलिमीटरच्या कॅसेटीत अडकलेलं. इथं मिळालेली दोन्ही यंत्रं पॅलची निघाली. अमेरिकन पद्धतीचं चालू यंत्र मिळेपर्यंत त्या तिथंच बसून असणार.

तेव्हा स्वस्तवाल्यांनी या कॅसेटीची किंमत डॉलरमध्ये सांगावी. मी वाट पाहतो आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पॅलचा एजंट आहे असं वाटायचं. इथल्या कॅमेऱ्यानं इथं घेतलेली लग्नाची कॅसेट न्यू जर्सीला पाठवली, तर तिथल्या टीव्हीपुढंही तीच रड. शेंगाचटणी अटलांटिक ओलांडते, कॅसेट ओलांडत नव्हती. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवायच्या: शूटिंग कुठल्या दिव्याखाली होणार, आणि पाहणार कोण, कुठं बसून. झूमची चौकशी त्यानंतर.

"आता सगळं डिजिटल झालं, तुमचा पॅल मेला," असं तरुण मंडळी म्हणतात. रेघांचं भांडण मिटलं, कबूल. पण वीज बदलली का? सोलापुरात ती अजून 50 नंच हेलकावते. कमी प्रतीच्या एलईडीखाली फोन 60 चित्रांवर ठेवून मुंज टिपा, आणि बटूच्या तोंडावरून काळे पट्टे सरकताना बघा. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'शो पॅल फॉरमॅट्स' नावाचं बटण आहे, ते कंपनीनं हौसेखातर ठेवलेलं नाही. ते दाबलं की 25 चित्रांचा पर्याय मिळतो. हे मी मेहुण्यांच्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, माझा फोन यूएसचा आहे."

म्हटलं, "अरे, फोन यूएसचा असेल, पण मांडवातल्या माळा नव्या पेठेतल्या आहेत."

त्यानं बटण शोधलं. चार मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ बटूला बोहल्यासारखं नटून उन्हात उभं राहावं लागलं, याबद्दल त्याच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही.