पाणी शिरले कुठून?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही गलबत बुडाल्याची बातमी आपल्याला परकी नसावी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा, म्हणजे आपल्या तेरचा, उल्लेख आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथले साधे कापड आणि मलमल गाड्यांतून आडवाटेने भडोचला जाई आणि तिथे जहाजात चढे. भडोचचे आखात दगाबाज. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत आत आणत. माल व्यापाऱ्याचा असला तरी वाटेची काळजी राजाची होती.

आता हल्लीचे पाहा. 4 डिसेंबर 2024 रोजी पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेले ‘अल पिरानपीर’ हे गलबत अरबी समुद्रात बुडाले. तटरक्षक दलाच्या ‘सार्थक’ जहाजाने पाकिस्तानी यंत्रणेच्या सहकार्याने 12 खलाशांना वाचवले. त्याच महिन्यात मुंद्र्याहून सोकोत्राला जाणारे ‘ताज धारे हरम’ बुडाले; ‘शूर’ने 9 जणांना काढले. मे 2025मध्ये मंगळूरहून लक्षद्वीपला सिमेंट नेणारे ‘सलामत’ बुडाले, 6 जण वाचले. तटरक्षक दलाची पाठ थोपटलीच पाहिजे. मात्र बचावाचे कौतुक संपले की बुडण्याची चौकशीही संपल्यासारखीच होते. डिसेंबरातल्या दोन्ही वेळी कारण सांगितले गेले ते एकच: खवळलेला समुद्र आणि आत शिरलेले पाणी.

समुद्र खवळणारच. पाणी शिरले कुठून, हे सांगा! लाकडी गलबताचा जीव त्याच्या सांध्यांत असतो. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवावा लागतो. तो सुटला की आधी पाझर, मग धार. त्यात वजन जास्त असेल तर पंप कुठवर पुरणार? ही तिन्ही गलबते नादुरुस्त होती असा निवाडा आम्ही देत नाही. पण तसा संशय येऊ नये इतकी माहिती तरी लोकांसमोर हवी की नको?

कायद्याची वाण नाही. समुद्रात जाण्यास अयोग्य जहाज पाठवणे हा 1958च्या नौवहन कायद्यानेही गुन्हाच होता. 2025मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. इंग्लंडात खासदार सॅम्युअल प्लिमसॉलच्या लढ्यामुळे 1876 साली जहाजावर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर जहाज कुठवर बुडू द्यायचे याची खूण, सक्तीची झाली, पण ती कुठे मारायची हे 1890 पर्यंत मालकच ठरवी. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या! आपल्याकडचा तपासणीचा दाखला त्या रेषेच्या वळणावर जाऊ नये. पावसाळा संपून पहिली खेप निघण्याआधी गलबत किनाऱ्यावर ओढून, तळ पाहूनच तो द्यावा. आणि बुडालेल्या या तिन्ही गलबतांची शेवटची तपासणी कधी झाली, किती माल भरला होता, दाखल्यावर सही कोणाची होती, हे नौवहन महासंचालनालयाने जाहीर करावे.