इंजिन किती सीसीचं? आधी पोती मोजा



मागच्या लेखात चातुर्मासातल्या डाळींबद्दल लिहिलं होतं. आज एकदम गाडीच्या इंजिनाकडे वळतेय म्हणून हसू नका. गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना, दुकान उघडताना, मंदिरातून येताना एकच विषय आहे: जुनी पिकअप घ्यायची, तर केवढ्या इंजिनाची? आणि जिथे घरातले पैसे जातात आणि घरातला मुलगा स्टिअरिंगवर बसतो, तो विषय बायकांचा नाही असं मला कुणी सांगू नये. दुकानाची वही पंधरा वर्षं मी लिहितेय.

आमचं डाळी-कडधान्यांचं आणि गुळाचं दुकान. आसपासच्या गावांतल्या किराणा दुकानांना माल पोचवायचा, आणि महिन्यातून दोनदा आंबा घाट उतरून साखरप्याच्या बाजूला एक फेरी. जाताना डाळ-गूळ, येताना नारळ. आतापर्यंत हे सगळं एका छोट्या गाडीवर चाललं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे नारळ भरून वर येत होते. गाडी पाऊण टनाची, हौद्यात माल अकराशे किलो. "नेहमीचंच आहे" म्हणून भरलेला. घाटात दुसरा गिअर, मग पहिला, मग इंजिनाचा काटा लाल रेषेवर आणि बॉनेटमधून वाफ. हेड गॅस्केट गेलं. पाऊस, धुकं, मागून येणाऱ्या ट्रकांचे दिवे. ह्यांना सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि घरून नेलेला डबा चारलाच संपलेला. रात्री साडेअकराला दुसऱ्या गाडीला बांधून घरी आले. टोइंग, हेडचं फेसिंग आणि गॅस्केट मिळून 24 हजार गेले. पैशाचं दुःख चार दिवसांत ओसरलं. पण हीच गाडी चढताना बंद पडण्याऐवजी उतरताना ब्रेक तापून सुटली असती तर काय, हा विचार अजून गेलेला नाही. आता ह्यांच्या कमरेमुळे गाडी मुलगा चालवणार आहे. वय बावीस.

तर घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, पुन्हा छोटीच घेऊ, डिझेल कमी खाते, घाटाच्या फेरीला भाड्याची गाडी करू. मुलाचं म्हणणं, अडीच लिटरची घेऊ. "आई, मोठं इंजिन ताणलं जात नाही, म्हणून जुनं घेतलं तरी टिकतं." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि मला दोन्ही पटत नाहीत.

बाजारात काय काय आहे ते थोडक्यात सांगते. 2005 मध्ये टाटा एस आली, जिला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. तिचं मूळ डिझेल इंजिन दोन सिलिंडरचं, 702 सीसी, ताकद 16 अश्वशक्ती. पाऊण टन माल सपाटीवर आणि गल्लीबोळात न्यायला बनवलेली, आणि त्या कामात तिला तोड नव्हती. इंट्राची व्ही 10 ही 798 सीसी, एक टनाची. त्यावर दीड लिटरचा वर्ग: अशोक लेलँड दोस्त 1478 सीसी, तीन सिलिंडर, इंट्रा व्ही 30 ही 1496 सीसी, चार सिलिंडर. ह्या साधारण सव्वा ते एक पूर्णांक तीन टनाच्या. आणि वर बोलेरो पिकअप, 2523 सीसी, मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून 1.7 टनापर्यंत.

आता मिक्सरकडे या. 500 वॉटच्या मिक्सरवर चटणी छान होते. त्याच्यावर रोज किलोभर भिजवलेली डाळ वाटायला लागलात की कॉइलचा वास येतो. म्हणून कुणी चटणीसाठी हजार वॉटचा घेत नाही. आपण आपल्या घरातलं रोजचं जड वाटण कोणतं, ते बघून मिक्सर घेतो. फरक इतकाच, की मिक्सरच्या बुडाला लाल बटण असतं, भार जास्त झाला की ते उडतं आणि मिक्सर थांबतो. मालगाडीला असं बटण नसतं.

म्हणून मी शोरूमच्या कागदांऐवजी आमच्या वह्या काढल्या. वर्षभराची बिलं घेऊन प्रत्येक खेपेचं वजन लिहिलं. रोजची खेप 400 ते 600 किलो. कोकणची फेरी 1,000 ते 1,150 किलो, आणि ती वर्षभर महिन्यातून दोनदा, न चुकता. दिवाळीआधी तीन वेळा दीड टनाच्या वर. बस, एवढ्या तीन ओळींनी निम्मा वाद मिटला. रोजच्या खेपेवरून गाडी घेतली तर कोकणच्या फेरीला पुन्हा तेच होणार. दिवाळीच्या तीन खेपांवरून घेतली तर वर्षभर रिकामं इंजिन पोसायचं. माझं मत असं, की जो जड भार *नेमाने* येतो, तो आणि त्याच्या वाटेतला सगळ्यात उभा चढ, ह्या दोन गोष्टींनी इंजिन ठरवावं. दिवाळीला दोन फेऱ्या मारता येतात.

ह्यांच्या डिझेलच्या मुद्द्याचा हिशोबही मांडला. समजा छोटी गाडी 18 चं अॅव्हरेज देते आणि मोठी 12 चं. महिन्याला 1,500 किलोमीटर धरले तर 83 लिटर आणि 125 लिटर. 90 रुपयांच्या भावाने फरक पावणेचार हजारांचा. घाटाच्या दोन फेऱ्यांचं भाडं आमच्याकडे नऊ हजार सांगतात, आणि गाडी त्याच्या सोयीने येते. म्हणजे "छोटी घेऊन भाड्याने भागवू" हे आमच्या बाबतीत स्वस्त नाही. जिचा सगळा धंदा गावातल्या गावात आहे, तिने मात्र ह्यांचंच ऐकावं. 2020 च्या एप्रिलपासून बीएस 6 लागू झाल्यावर डिझेल गाड्यांचा धूर गाळणाऱ्या यंत्रणा नाजूक झाल्यात. जिथे फिल्टर आहे तिथे तो साफ होण्यासाठी इंजिनाला मधूनमधून लांब पळावं लागतं. दिवसभर दोन-दोन किलोमीटर चालून थांबणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. अशा कामाला छोटी पेट्रोल किंवा सीएनजी बरी.

मुलाचा मुद्दा जास्त अवघड होता. मोठं इंजिन कमी ताणलं जातं हे खरं. पण कुणाकडे? जो त्याच्यावर बेताचा माल भरतो त्याच्याकडे. आपल्याकडे अडीच लिटरची गाडी घेणारा बहुतेक वेळा "ओढते ना!" म्हणूनच घेतो आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालतो. म्हणजे जुन्या बाजारात मोठ्या इंजिनाची जी गाडी येते, ती आराम केलेली असण्यापेक्षा राबवलेली असण्याची शक्यता जास्त. आम्ही पाहिलेल्या पहिल्याच गाडीच्या मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा नवा, वरून टाकलेला. विकणारा म्हणाला, "ताई, मजबूत केलीय." मी म्हटलं, मजबूत का करावी लागली? तो नुसता हसला.

आणि ह्याहून मोठी गोष्ट. इंजिन ओढतं म्हणून गाडीने तेवढा भार न्यावा असं होत नाही. ब्रेक, अॅक्सल, टायर, पाटे हे सगळं आरसीवर लिहिलेल्या वजनासाठी बनवलेलं असतं. छोटं इंजिन निदान कण्हतं, काळा धूर सोडतं, चढावर थांबून "आता नको" म्हणतं. मोठं इंजिन काही बोलत नाही, गाणी ऐकत वर चढवतं. त्याची किंमत उतारावर ब्रेक मोजतात. म्हणून मला गरजेपेक्षा फार मोठ्या इंजिनाची भीती वाटते. त्याच्यामुळे भार कळेनासा होतो. (उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे महाभाग आमच्याही नात्यात आहेत. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं, आणि ह्या एका बाबतीत मात्र थोडं मोठं इंजिन कामाला येतं.)

आमच्या सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या लहानपणी बैलगाडी. त्या म्हणाल्या, "बैलावर एवढं लादलं असतं तर तुझ्या आजेसासऱ्यांनी घरात घेतलं नसतं." तुम्हाला माहीतच आहे, अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत त्यांत अतिभारारोपण आहे, जनावरावर झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. मुलगा लगेच म्हणाला, "आजी, इंजिन अजीव आहे." बरोबर आहे त्याचं. इंजिनाला दुखत नाही. पण त्या गाडीच्या केबिनमध्ये बसलेला अजीव नाही, आणि वळणावर समोरून दुचाकीवर येणारं जोडपंही नाही. तो गप्प बसला. पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यानंतर त्याने अडीच लिटरचा हट्ट केला नाही.

कायद्याचंही बघून घ्या. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, त्यातून ड्रायव्हर आणि हमालाचं वजन काढा, उरेल तेवढाच माल. एजंट तोंडी जे टन सांगतो ते सोडून द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार असा दंड आहे. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून तो आकडा नीट वाचा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, तेव्हा सात वर्षांची गाडी स्वस्त वाटली तरी पुढच्या वर्षीपासूनचा खर्च आणि खेटे मोजा. परवान्याची मला काळजी होती, पण 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

गाडी बघायला जाताना आमच्या मिस्त्रींनी शिकवलेल्या चार गोष्टी. सकाळी लवकर आणि न सांगता जा, आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर समजा, थंड असताना सुरू होत नाही म्हणून तापवून ठेवलंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेडकडे संशय घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि भसाभस वाफारा आला तर बोरिंगचं काम जवळ आलंय. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. आम्ही दुकानातली वीस पोती, म्हणजे टनभर माल, चढवून जोतिबाच्या डोंगराकडे नेली. विकणारा कुरकुरला. रिकामी 702 सीसी आणि रिकामी 2523 सीसी, दोन्ही गाड्या सपाट रस्त्यावर सारख्याच गोड चालतात. पोती चढल्यावर क्लच सरकतो की नाही, काटा कुठे जातो, उतारावर ब्रेकचा वास येतो का, ते कळतं.

शेवटी दीड लिटरच्या वर्गातली, पाच वर्षांची, एकाच मालकाची गाडी ठरली. आधी बेकरीचा माल न्यायची, म्हणजे हौदा भरलेला पण वजन हलकं. पाटे मूळचे आहेत. छोटीपेक्षा किंमत बरीच जास्त पडली, त्यासाठी माझी एक एफडी मुदतीआधी मोडली, आणि ह्यांना ते अजून सलतंय. मला नाही सलत. इसार दहा हजार दिलाय. मालकावर बँकेचा बोजा होता, त्याची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय बाकीची रक्कम द्यायची नाही असं मी बजावलंय. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यात.

मुलाने काल हौद्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने "23 पोती" असं लिहून आणलं. 50 किलोच्या हिशोबाने साडेअकराशे. गाडी आपल्या नावावर व्हायच्या आधीच रंगवली म्हणून ह्यांनी त्याला झापलं.