डोकेदुखीची नोंद

व्यापारी कुटुंबात डोकेदुखीला आजाराचा मान क्वचितच मिळतो. उपवासाचे पित्त, उन्हातला प्रवास, जागरण, वर्षअखेरीचे हिशेब असे काही ना काही कारण तयार असते. गोळी घेतली जाते आणि दुकान वेळेवर उघडते. घरातील स्त्रीचे डोके दुखत असेल, तर ती त्याविषयी बोलतही नाही. बहुतेक वेळा ही कारणे खरी असतात. परंतु वर्षानुवर्षे परतणाऱ्या वेदनेवर तेच जुने कारण चिकटवत राहणे महागात पडू शकते.

अमेरिकन गायिका व लेखिका रोझॅन कॅश यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. विख्यात गायक जॉनी कॅश यांच्या या ज्येष्ठ कन्येला अनेक वर्षे तीव्र डोकेदुखीने ग्रासले होते. अर्धशिशी समजून उपचार होत राहिले, दुखणे मात्र हटले नाही. अखेर ‘किआरी विकृती’ हे मूळ कारण उघड झाले.

या विकृतीत लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून मणक्याच्या पोकळीत उतरतो. त्यामुळे मेंदू व मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवाची वाट अडते. खोकताना, शिंकताना किंवा जोर लावताना डोक्याच्या मागील बाजूस कळ उठते. मान दुखते, हात बधिर होतात, चालताना तोल जातो. १८९१ साली हान्स किआरी या वैद्याने तिचे वर्णन केले. जिवंत माणसात ती स्पष्ट दिसू लागली ती मात्र एमआरआय तपासणी आल्यावर.

नोव्हेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, रोझॅन यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेत कवटीच्या मागील तळाचे थोडे हाड आणि बहुधा वरच्या मणक्याची कमान काढून दाटलेल्या भागाला जागा करून देतात. ठरलेले कार्यक्रम त्यांना रद्द करावे लागले. अशा रुग्णाला घरी आल्यावरही मानेचा ताठरपणा व थकवा पुष्कळ दिवस सोसावा लागतो. जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला, असे घरच्यांनी समजू नये. काम हळूहळू आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच वाढवावे.

रोझॅन पुन्हा गाऊ लागल्या. वडिलांनी तरुणपणी दिलेल्या निवडक गीतांच्या यादीवरून त्यांनी २००९ साली ‘द लिस्ट’ हा गीतसंग्रह काढला. २०१५ साली त्यांना तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

प्रत्येक डोकेदुखीमागे असे कारण नसते, म्हणून भिण्याचे प्रयोजन नाही. तथापि, दुखणे वारंवार येत असेल, तर त्याची तारीख, वेळ, जागा, त्याआधी काय घडले आणि किती गोळ्या घेतल्या हे लिहून ठेवावे आणि ते टिपण वैद्यांपुढे ठेवावे. खोकल्याने उठणारी कळ, पहाटे वांतीसह येणारे दुखणे, अंधूक दृष्टी, हातापायांतील बधिरता किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असल्यास मज्जाविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. एकाएकी असह्य वेदना उठली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

दुकानातील पैशाची तूट संध्याकाळपर्यंत शोधली जाते. घरातील आई, सून किंवा मुनीमजी महिनोन्महिने कपाळ दाबून बसत असतील, तर त्यांची विचारपूसही तितक्याच तत्परतेने व्हावी.