साहेबांना कशाला पाठवू?

‘‘वहिनी, यातलं तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा ना!’’ हार्डवेअरच्या दुकानात हे वाक्य ऐकलं नाही अशी मैत्रीण मला अजून भेटायची आहे. मीही ते मुकाट्याने ऐकलं आणि खरोखरच साहेबांना पाठवलं. त्याची किंमत मोजली आमच्या लाल कोळंब्यांनी.

त्याचं असं झालं, लेक शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची माशांची टाकी माझ्या गळ्यात पडली. खालच्या कपाटात फिल्टरची दुसरी टाकी. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं, गाळून पंपाने पुन्हा वर चढतं. कॉक गळायला लागला म्हणून ह्यांनी ‘एकदम भारी’ पितळी कॉक आणला, प्लंबरने बसवला. महिन्याभरात कोळंब्या गेल्या, मग गोगलगाई. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी हौसेने पितो, पण या जिवांना थोडंसं तांबंही सोसत नाही! हे कळलं ते लेकाचा फोन आल्यावर.

पुढे एका रात्री वीज गेली. पंप थांबला आणि वरचं पाणी चढत्या नळीतूनच उलटं खाली यायला लागलं. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. एक इंच पाणी उतरलं तरी दहा लिटरच्या वर! खालची टाकी भरून वाहिली. अंधारात फरशी पुसायला कोण होतं, हे सांगायला नकोच.

मग मी वही घेऊन बसले. आता कॉक, एल्बो, नळ्या सगळं पीव्हीसीचं. पितळ नाही, तांबं नाही, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइपही नाही. गरम पाण्यासाठीचा महागडा सीपीव्हीसी इथे लागत नाही. जोडाला लावलेलं सोल्युशन दिवसभर वाळू द्यायचं, साधं पाणी फिरवून ओतून टाकायचं, मगच मासे. बाथरूमचं बुरशी रोखणारं सिलिकॉन टाकीला वापरायचं नाही, त्यात औषध असतं. खाली उतरणारी नळी पंपाच्या नळीपेक्षा जाड हवी. पंपाजवळ युनियन घातलं, की साफ करायला नळी कापावी लागत नाही. आणि चढत्या नळीला पाण्याच्या पातळीखाली अगदी जवळ एक बारीक भोक; वीज गेली की त्यातून हवा शिरते आणि पाणी उतरायचं थांबतं. तेवढं पाणी मावेल इतकी जागा खाली रिकामी ठेवायची, भोकात शेवाळ साचू द्यायचं नाही.

सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? पोळीची कणीक किती सैल हवी हे बोटांनी ओळखणाऱ्या बाईला पाऊण इंच आणि एक इंच कळणार नाही? खरं तर दुकानदारापेक्षा दोष आपलाच जास्त. ‘मला बाई त्यातलं काही कळत नाही,’ हे आपण कौतुकाने सांगतो. घरातलं गळणं, तुंबणं, पुसणं आपल्या वाट्याला; मग निवड दुसऱ्याने का करायची?

परवा त्याच दुकानात गेले. ‘‘साहेब नाही आले?’’ तो म्हणाला. म्हटलं, ‘‘ते घरी माशांना खाणं घालतायत. तुम्ही पाऊण इंची युनियन दाखवा.’’