कपाळावरचे गोंदण फोटोत दिसू द्या

महाशिवरात्रीला चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला जत्रा भरते. वैनगंगेत आंघोळ होते, रांगेत उभे राहून दर्शन होते, आणि अंधार पडला की घरची मंडळी आजीला मधोमध उभी करतात. फ्लॅश लखकन पडतो. फोटोत लुगड्याचा काठ येतो, गळ्यातली पोत येते. आजीच्या कपाळावरचे हिरवट गोंदण तेवढे येत नाही. त्या जागी नुसता पांढरा डाग असतो.

यात दोष फ्लॅशचा नाही. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळून, समोरून उजेड टाकतो. त्यामुळे सावली चेहऱ्याच्या मागे दडते, सुरकुत्या बुजतात, डोळ्यांत चमकता ठिपका येतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून मागची गर्दी अंधारात बुडते आणि माणूस ठसठशीत पुढे येतो. लग्नाच्या अल्बमात आणि फॅशनच्या मासिकांत मिरवणारा चकचकीत थाट तो हाच. तो आवडण्यात काहीच वावगे नाही.

गडबड होते ती कॅमेऱ्याच्या ऑटो हिशेबात. समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेवर आणायचे, एवढेच त्या हिशेबाला कळते. सावळा चेहरा आणि मागे नदीकाठचा काळोख दिसला की त्याला उजेड कमी वाटतो, आणि तो फ्लॅशचा जोर वाढवतो. उरलेसुरले काम स्टुडिओतल्या संगणकावर होते. ‘थोडं गोरं करून द्या ना जी,’ असे गिऱ्हाईकच म्हणते. पोरीचा फोटो स्थळाला पाठवायचा असेल तर हमखास.

हे थांबले पाहिजे. मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, अंगावरचे गोंदण तेवढे सोबत येते, असे मानणाऱ्या बायांचा हा मुलूख आहे. सुईच्या टोचण्या सोसून मिळवलेला तो दागिना फोटोवाल्याने एका बटणाने पुसावा, हा अन्याय आहे. शिवाय हार घालून भिंतीवर लावलेला आजीचा फोटो पुष्कळदा अशाच जत्रेतल्या किंवा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला असतो. नातवंडे तिला त्याच रंगात ओळखणार.

काळी त्वचा आणि थेट फ्लॅश यांचे वैर नाही, हे माली देशाचे छायाचित्रकार मलिक सिदिबे यांनी कधीच दाखवून दिले आहे. १९६०च्या दशकात बामाको शहरातल्या तरुणांच्या रात्रीच्या नाचगाण्यांत ते फ्लॅश घेऊन फिरायचे. १९६३ मधल्या नाताळच्या रात्रीचा त्यांचा फोटो जगभर गाजला: फिक्या सुटातला तरुण, अनवाणी मुलगी, दोघांची डोकी एकमेकांकडे झुकलेली. कपडे उजेडात झळकतात आणि चेहरे काळेच राहतात, तुकतुकीत आणि देखणे. २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात सिदिबे यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला.

चामोर्शीच्या फोटोवाल्यालाही हे जमण्यासारखे आहे, महागडे सामान न आणता. फ्लॅशचा जोर निम्म्यावर आणावा. शटर १/३० सेकंदापर्यंत उतरवले, तर मागच्या दुकानांचे दिवेही फोटोत येतात. हात मात्र स्थिर हवा. कपाळावरचे तेल आणि घाम आधी रुमालाने टिपून घ्यावा, कारण पांढरे चट्टे तिथेच पडतात. लग्नात मांडवाच्या कापडाकडे फ्लॅश वळवून उजेड मऊ करायचा असेल, तर कापडाचा रंग पाहावा. गुलाबी मांडवाखाली नवरी गुलाबीच दिसते. मोबाइलमधले चेहरा उजळवणारे ब्यूटी फिल्टर बंद ठेवावे.

आणि छापण्याआधी दोन्ही फोटो, भरपूर फ्लॅशचा आणि कमी केलेला, आजीला पडद्यावर मोठे करून दाखवावेत. कोणता छापायचा, ते तिला विचारावे.